येळवशीच्या दिवशीचा सामना

उस्मानाबाद,
रविवार, १७ डिसेंबर १९६१

ती. अण्णांना,

धाकट्या भावाचा, महारुद्रचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. अव्वाला आणि वहिनींनाही सांगावा. माझी तब्येत उत्तम आहे. खाणावळीतली भाकरी फार पातळ असते, पण ती कसर मी संख्येनं भरून काढतो. शाळूला कणसं लागली का? करडईवर मावा पडल्याचं तुम्ही म्हणाला होता, तो एव्हाना आटोक्यात आला असेल.

इकडची खबर मोठी आहे. आमचा बास्केटबॉलचा संघ यंदा हरायचं नावच घेत नाही. हसू नका. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या मैदानावर खांब रोवून त्यांना कडी बसवली, तेव्हा तुम्ही बघायला आला होता आणि विचारलं होतं, "ह्या कड्यात चेंडू टाकून डिग्री मिळती व्हय रे?" डिग्री मिळत नाही, अण्णा. पण परवा बाजारात एक अनोळखी गृहस्थ मला थांबवून म्हणाले, "तुम्हीच ना ते लांबून टाकणारे?" मी गंभीर चेहऱ्यानं होय म्हणालो आणि कोपऱ्यावर वळल्यावर एकटाच हसलो.

पहिला सामना गावातल्या तालमीच्या पोरांशी झाला. अंगानं आमच्या दुप्पट. पण चेंडू हाती आला की तो छातीशी धरून पळत सुटायचे. चेंडू आपटत न्यावा लागतो हे पंचांनी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्यांचा आवाज बसला. मग बार्शीचे पाहुणे आले, त्यांना अडतीस-एकोणतीस. मग विद्यापीठाची पहिली फेरी झाली, त्यात बीडला एक्केचाळीस-तेहतीस. मी कॅप्टन आहे हे मागच्या पत्रात लिहिलं होतंच, तरी पुन्हा लिहितो.

मुनवर तुम्हाला ठाऊक आहे. नळदुर्गला सडकेवर ज्यांच्या हॉटेलात तुम्ही चहाला थांबता, त्या पाशामियाँचा मुलगा. तो उडी मारतो तेव्हा वर गेलेला खाली यायचं विसरतो की काय असं वाटतं. तो खाली चेंडू धरतो, मला देतो, मी टाकतो. बीडच्या सामन्यात आम्हा दोघांचेच सत्तावीस गुण झाले.

आता उपांत्य सामना लातूरला आहे, औरंगाबादच्या संघाशी. ते तीन वर्षं अजिंक्य आहेत. त्यांचं मैदान सिमेंटचं, आमचं मुरमाचं, रोज संध्याकाळी आम्हीच पाणी मारून रूळ फिरवतो. पण मुरमावर धावलेला पाय कुठंही धावतो. आम्ही जिंकणार, अण्णा. बढाई नाही मारत, मी त्यांचा खेळ पाहून आलोय.

त्या सामन्याच्या तारखेवरून इथं मोठी गंमत झाली. आमचे सर नागपूरचे. दिवाळीच्या आधी त्यांनी विद्यापीठाचं पत्रक वाचून दाखवलं आणि दहापैकी आठ पोरांची तोंडं पडली. शेवटी एकानं भीत भीत सांगितलं, "सर, त्या दिवशी अमावस्या आहे." झालं! सरांनी तासभर आम्हाला विज्ञान शिकवलं. चंद्र काय, सूर्य काय, सावली काय. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी अमावस्येला भिऊ नये म्हणाले. आम्ही माना खाली घालून ऐकत होतो आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर बेसनात शिजवलेल्या हिरव्या दाण्यांच्या भज्जीचं पातेलं होतं.

मग मी त्यांना समजावलं. सर, ही वेळ अमावस्या, आमची येळवस. ही भिण्याची नाही, जेवायची आहे. आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळं घर शेतात जातं. कडब्याची कोपी करतात, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, शेताला फेरी घालून आंबील शिंपडतात आणि वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवतात. सर म्हणाले, "मग औरंगाबादच्या विद्यापीठवाल्यांनी हीच तारीख का ठेवली?" त्यांना काय ठाऊक, सर! त्यांच्याकडं येळवस नसते.

तर अण्णा, सामना सहा जानेवारीला आहे. पंचांग उघडायची गरज नाही. ती येळवसच आहे.

तारीख बदलायचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. आठ पोरं जाणार म्हटल्यावर संघ उरतच नव्हता. त्या आठांतला एक मी. मग मीच ठरवलं की बाकी सातांच्या घरी जाऊन परवानगी मागायची. दिवाळीनंतर रविवारमागून रविवार सातही घरं केली. नळदुर्गला पाशामियाँ कपबशा विसळत होते. ते ऐकून थांबले. "क्या बोलता रे? चालीस साल से बब्रुवान के घर के शेत पे आंबील पीते हम. और तू बोलता पोरगा नहीं आएगा?" (बब्रुवान म्हणजे तुम्ही, हे ऐकून मला तिथंच घाम फुटला.) तासाभरानं म्हणाले, "ले जा. मगर जीत के ला." कळंबला तर सारजाबाई म्हणून एका पोराची आई आहे, तिनं मला आधी पोटभर जेवू घातलं आणि मग म्हणाली, "माझ्या लेकाला ठेवून घेतूस, पर तुझ्या आईला इचारलंस का?"

मी म्हणालो, "विचारलं."

अण्णा, मी अव्वाला विचारलं नव्हतं, तुम्हालाही नाही. सात घरी जाऊन आलो, आठवं घर राहिलं. ते आपलं.

हे पत्र मी तीनदा फाडून लिहितोय. खरी गोष्ट अजून लिहायचीच आहे. दिवाळीत मी जळकोटला आलो, तेव्हा तुम्ही ओसरीवर बसून मला विचारलंत, "अणदूरचे माणिकप्पा यंदा येळवशीला आपल्या शेतावर यायचं म्हणत्यात, त्यांची पोरगी हाय, त्यांना तुला बघायचंय, बोलवू का?" मी म्हणालो, "बोलवा." तुम्ही त्याच दिवशी जाऊन शब्द देऊन आलात. परत आल्यावर तुमचा चेहरा किती खुलला होता ते मला आठवतं. आबा गेल्यापासून इतके मोकळे हसलेले तुम्हाला मी पाहिलं नव्हतं.

आणि तेव्हा विद्यापीठाचं पत्रक माझ्या पिशवीत होतं.

मी मुद्दाम लपवलं. तारीख बदलेल असं मनाशी म्हणत होतो, ते निमित्त होतं. खरं हे की तुम्हाला "नाही" म्हणायला मला येत नाही. तुम्ही शाळा सोडून औत धरलंत म्हणून मी इथं आहे, तेव्हा तुम्ही जे म्हणाल त्याला होय म्हणायचं, एवढंच मला ठाऊक. पोरगी नको असं माझं काही नाही. पण मी आता येळवशीला आलो तर ती सातही पोरं घरी जातील आणि त्यांच्या आया म्हणतील, बघा, सांगायला आला होता. सामना सोडणं मला जमणार नाही. त्याची मी माफी मागत नाही. खोटं बोललो त्याची मागतो.

माणिकप्पांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी आजारी आहे म्हणालात तरी चालेल.

आपला,
महारुद्र



जळकोट,
२४ डिसेंबर

चि. महारुद्र यास,

आशीर्वाद. पत्र मिळालं. दोनदा वाचलं. अव्वाला वाचून दाखवलं, फकस्त शेवटचं दाखवलं न्हाय. माझं शिक्षण उर्दूत झालेलं तुला ठावं हाय, तवा जसं बोलतो तसंच लिहितो.

शाळू चांगला हाय. मावा गेला.

तू म्हन्तोस माणिकप्पांना सांगा, पोरगा आजारी हाय. अरे, एक खोटं तू बोललास, दुसरं आता म्या बोलू व्हय? शब्द म्या दिला, पर तुझ्या होकारावर दिला. तुझा होकार म्हणजे मला दगडावरची रेघ वाटली. त्याचाच राग हाय. खेळाचा न्हाय.

आन् मी तुला कवा म्हणलो, न्हाय म्हणू नको म्हणून? औत म्या धरलं ते माझ्या मनानं. ते तुझ्या मानेवर कुणी ठेवलं? म्या तर न्हाय ठेवलं.

खेळायला जा. सात घरचा शब्द घेतलास, आता त्यो मोडून हिकडं आलास तर मी तुला कोपीत बसू देणार न्हाय. पर एक सांगतो. त्या सात घरी तू पायानं गेलास, हात जोडलेस, आन् आपल्या घरी पोस्टमन धाडलास. हे मला लई लागलं. आता माझ्याकडं येऊ नको, मला कळलंय. अणदूरला जा. एकटा जा. माणिकप्पांच्या म्होरं उभा राहून जे मला लिहिलंस ते तोंडानं सांग. ते काय म्हणतील ते ऐकून घे. सोयरीक मोडली तर मोडली.

मी त्यांना आदी काय बी कळवणार न्हाय.

तुझा,
बब्रुवान



लातूर,
शुक्रवार, ५ जानेवारी १९६२

ती. अण्णांना,

साष्टांग नमस्कार. आपल्या गावचे धोंडप्पा मास्तर इथल्या शाळेत आहेत. ते येळवशीला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. उद्या उजाडायच्या आत तुम्हाला मिळेल.

रविवारी अणदूरला गेलो. एस.टी.तून उतरल्यावर पुन्हा चढावं असं दोनदा वाटलं. औरंगाबादची पाच पोरं अंगावर आली तर मला काही वाटत नाही, पण त्या दारापर्यंतच्या वाटेत मी तीनदा थांबलो.

माणिकप्पा अंगणात चऱ्हाट वळत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "हे धर. पीळ सोडू नको." म्हणजे मला बसायलाही मिळालं नाही. टोक धरून मी पीळ देत होतो, दोर वाढेल तसा एकेक पाऊल मागं सरकत होतो आणि सांगत होतो. तारीख आधीपासून ठाऊक होती. अण्णांना सांगितली नाही. अण्णांनी तुम्हाला शब्द दिला तो माझ्या खोट्यावर दिला. येळवशीला मी शेतावर नसणार, लातूरला चेंडू खेळणार. सांगून झालं तोवर मी पार गोठ्यापाशी पोचलो होतो आणि शेवटची वाक्यं मला ओरडून सांगावी लागली. सगळ्या आळीनं ऐकली असतील.

त्यांनी दोराला गाठ मारली. मग विचारलं, "अण्णाला कवा सांगितलास?"

"पंधरा दिवसांपूर्वी. पत्रानं."

"आन् हितं कुणी धाडलं?"

"अण्णांनीच."

आतून कुणीतरी ताकाचा तांब्या आणून उंबऱ्यावर ठेवला. हिरव्या बांगड्यांचा हात तेवढा दिसला. वर बघायचं धैर्य माझ्यात नव्हतं. ताक मात्र सगळं प्यालो.

निघताना धाकट्या भावाला हाक मारावी तसं ते म्हणाले, "तम्मा, अण्णाला निरोप सांग. येळवशीला आमची चार माणसं जेवायला धर म्हणावं. पोरगा बघायचा व्हता, त्यो आज बघितला."

बघितला, एवढंच म्हणाले. पसंत की नापसंत, ते बोलले नाहीत. विचारायची माझी छाती झाली नाही. उद्या तुमच्या पंगतीला बसतील तेव्हा तुम्हालाच कळेल, आणि काय असेल ते मला कबूल आहे. पण परतताना माझं अंग इतकं हलकं झालं होतं की बस मिळेपर्यंत सडकेवर पळतच राहिलो.

दहाही पोरं आली आहेत. आज संध्याकाळी मैदान पाहून आलो. सामना चार वाजता. तुम्ही तेव्हा शेताची फेरी घालून पाहुण्यांशी बोलत बसला असाल. दरवर्षी आंबील घेऊन बांधाबांधानं मी पळतो, उद्या तुम्हाला पळावं लागेल. गुडघा सांभाळा. फार आठवण येईल, अण्णा. ती येणारच, आणि तरी मी खेळणार, आणि आम्ही जिंकणार.

शेवटी "आपला आज्ञाधारक" लिहायला हात गेला होता. तेवढं खोटं आता लिहवत नाही.

तुमचाच,
महारुद्र