मालिनीच्या नावाचा सिलिंडर

भोर,
माघ वद्य अष्टमी,
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

चि. अद्वय यास अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. वस्तुस्थिती अशी की शनिवारी सकाळी मला चहा मिळाला नाही, आणि त्याचा दोष मी संपूर्ण पोर्तुगाल देशावर ठेवतो. शेगडी भोरमधली, दूध भोरमधलं, पिणारा तर जन्माचा भोरकर. पण सिलिंडर दारातून आत घ्यायचा तर त्याचा चार आकडी कोड जाऊन पडतो पोर्तो शहरात, एका झोपलेल्या गृहस्थाच्या उशाशी. तू ठेवून गेलेल्या इंडक्शनवर प्रयत्न केला. इंडक्शनवर पाणी उकळतं, हे मान्य. चहा होत नाही.

असो. तुझं काम झालं आहे. सोबत गॅसची पावती आहे, तुझ्या नावाची, एजन्सीच्या शिक्क्यासह. तुझ्या बँकेला फोटो चालत नाही, मूळ प्रत हवी, म्हणून पाकीट पोस्टात टाकतो आहे. आणि पाकीट पाठवतोच आहे तर त्यात चार ओळीही घालाव्यात, एवढाच या पत्राचा हेतू होता.

ती अट तू फोनवर सांगितलीस तेव्हा मी हसलो होतो. तिथे वर्षभर राहून पुण्यातल्या कंपनीचं काम करायला त्या सरकारने तुला परवानगी दिली. पण खातं नाही तर घरमालक करार करत नाही, करार नाही तर पुढचा परवाना नाही, आणि खातं उघडायला आधी मायदेशातल्या घराचा पुरावा हवा: लाइटचं, पाण्याचं नाहीतर गॅसचं बिल, ताजं आणि स्वतःच्या नावाचं. दोन गोष्टी एकमेकींवर टेकून उभ्या राहिल्या की न्यायशास्त्रात त्याला अन्योन्याश्रय म्हणतात. आम्हाला तो दोष म्हणून शिकवला. युरोपात त्याचं स्वतंत्र काउंटर आहे असं दिसतं.

फोन ठेवला आणि घरातली बिलं टेबलावर मांडली. लाइटचं बिल अण्णांच्या नावाने. तुझे आजोबा जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. अजून वीज वापरतात आणि महिन्याच्या महिन्याला भरतात. पाणीपट्टी आजीच्या नावाने. गॅस तुझ्या आईच्या. घरात राहणारा मी एकटा, आणि माझ्या नावावर साधा बल्बसुद्धा नाही. कागदोपत्री हे घर ती तिघं चालवतात आणि मी त्यांच्याकडे येऊन राहिलेला पाहुणा आहे. त्या क्षणापर्यंत मला यात विनोदच दिसत होता.

लाइट आणि पाणी तुझ्या नावावर करायचं तर तुझ्या दोन्ही आत्यांच्या सह्या आणि कित्येक महिने. गॅसला मात्र नवऱ्याची सही, आईच्या मृत्यूचा दाखला आणि चार दिवस. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी तू विचारत राहिलास आणि मी "एजन्सी बंद होती" म्हणत राहिलो. एजन्सी बंद नव्हती, अद्वय. मी स्टँडपर्यंत जायचो, पलीकडे एजन्सीची पाटी दिसली की उसाचा रस पिऊन परत यायचो. माझी साखर या महिन्यात वाढली असेल तर तीही तुझ्या बँकेच्या खात्यात लिही.

गेनबा तुला आठवत असेल. सिलिंडर आणणारा, हिर्डोशीचा. हा माणूस बेल वाजवत नाही. टेम्पोतूनच चिठ्ठीवरचं नाव गल्लीभर ओरडतो: "मालिनी केशव देवस्थळी! शिलिंडर!" आणि आतून तुझी आई, "आले, आले! दारात नका ठेवू, आत आणा." वीस वर्षं हा संवाद एका शब्दानेही बदलला नाही.

आई गेल्यावर पहिला सिलिंडर आला तेव्हा गेनबा गुपचूप दारात येऊन उभा राहिला. पटका काढून हातात घेतलेला.

"सर, आता बाईंचं नाव न्हाई घेत. निसती बेल वाजिवतो."

मी म्हटलं, "चिठ्ठीवर काय आहे?"

"चिठ्ठीवं बाईच हायेत."

"मग जे आहे ते वाचायचं, गेनबा. नियम म्हणजे नियम."

त्याने पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग टेम्पोपर्यंत मागे गेला आणि तिथून ओरडला.

तेव्हापासून दर सिलिंडरला तो ओरडतो आणि मी लगेच उठत नाही. हाक संपते, मधे थोडी जागा सुटते, मग मी जातो. त्या जागेत मला दोनदा "आले, आले" ऐकू आलं आहे. मी प्रमाण आणि भास यांतला फरक आयुष्यभर शिकवला, तेव्हा कृपा करून डॉक्टरांची नावं पाठवू नकोस. कोड तिच्या मोबाईलवर यायचा, म्हणून मोबाईल चार्ज करून फडताळात ठेवतो असं तुला सांगितलं होतं. ते अर्धं खरं आहे.

शेवटी गेल्या सोमवारी गेलो. काउंटरवर स्वप्नाली निघाली, आपल्या शाळेतली, संस्कृतात जेमतेम पास झालेली. दाखला हातात घेऊन स्क्रीनकडे बघत राहिली.

"सर, मॅडम तर आमच्याकडे चालू दिसतायत."

"हो. माझ्याकडेही."

ती बिचारी गोंधळली. "म्हणजे, इथं 'ग्राहक हयात नाही' असं टिक करावं लागतं. करू का? का तुम्हाला जरा बसायचंय?"

"कर, बाई," म्हटलं. "मुलाचं काम अडलंय."

तिने केलं. आवाजसुद्धा झाला नाही. मोबाईल नंबर विचारला, मी तुझा इथला दिला; तो तिथेही चालू असतो म्हणून. बाहेर आलो तेव्हा रसवाला ओळखीचं हसला. थांबलो नाही.

आता शनिवारचं लिहितो. चहाची तक्रार वर करून झाली आहे. चहा हा त्यातला सगळ्यात लहान भाग होता.

मी स्वयंपाकघरात, रिकाम्या शेगडीपाशी. टेम्पो थांबला. गेनबाला चिठ्ठी वाचायला नेहमीपेक्षा वेळ लागला. मग ओरडला: "आद्वय केशव देवस्थळी! शिलिंडर!"

मी सवयीने थांबलो. हाकेनंतरची ती जागा सुटली. घरात कुणी ओ दिली नाही.

अरे, नाव तुझं होतं. तू पोर्तोत आहेस, धडधाकट आहेस, आदल्या रात्री मला कसल्याशा माशाचा फोटो पाठवला होतास. मला सगळं माहीत होतं. तरी ओ कोण देतं याची वाट बघत मी तिथेच उभा राहिलो.

बाहेर गेलो. गेनबा म्हणाला, "सर, धाकल्यांच्या नावावं केलं व्हय? बरं झालं. कोड सांगा."

तुला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा गेनबा सिलिंडरवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"उचलंना व्हय? झोपलं आसंल पोर. तकडं रात आसंल ना?"

"हो," मी म्हणालो, "झोपला असेल. झोपू दे."

हे शब्द तोंडातून गेले आणि मी तिथेच पायरीवर बसलो. आई गेली त्या सकाळी चहाचा कप घेऊन मी खोलीत डोकावलो होतो, आणि मनाशी हेच म्हणून दार लोटून घेतलं होतं. झोपली असेल. झोपू दे.

कोडशिवाय गेनबाला सिलिंडर देता येईना. तो परत घेऊन गेला, जाताना म्हणाला, "बसू नका आसं, सर. मी सांच्याला चक्कर मारतो." दुपारी तुझा कोड आला, खाली "बाबा, झोपलो होतो, सॉरी" आणि एक हसरा चेहरा. संध्याकाळी सिलिंडर आला, शेगडी पेटली, चहा केला. कप हातात घेऊन तुझा तो संदेश बराच वेळ बघत बसलो होतो.

पावती नीट ठेव. तुझं खातं उघडावं, तुला घर मिळावं, हे मी मनापासून म्हणतो. तू परत येतोस की नाही, हा या पत्राचा विषय नाही. ते तुझं तू ठरव, आणि मी त्यावर रुसणार नाही.

पण या घरात ज्यांच्या नावाने हाक येते ती माणसं ओ देत नाहीत. त्या तिघांच्या रांगेत तुझं नाव मी स्वतः, माझ्या सहीने घातलं आहे. मला भीती वाटते, अद्वय. बाकी काही नाही. फोन उचलत जा.

तुझा,
बाबा