थॅडची टोपी

प्रिय आईस थॅडचा नमस्कार,

मी खुशाल आहे, जेवणही पोटभर मिळतं. तुझी कंबर कशी आहे?

काल आपल्या घरापासून वीसच मैलांवरच्या एका गावात आम्हा काळ्यांच्या संघाचा गोऱ्यांच्या संघाशी बेसबॉलचा सामना झाला. गोरे चिडू नयेत म्हणून अशा गावांत आम्ही जिंकलो तर एक-दोन धावांनीच जिंकतो, आणि शेवटच्या डावात बसचं तोंड रस्त्याकडे करून इंजिन चालू ठेवतो. आमच्या संघातले म्हातारे ऑर्व्हिलकाका आधीच म्हणाले होते, "पोरा, फौजदाराच्या लेकाला जरा हळू टाक."

मी विसरलो गं. तीन चेंडूंत तो बाद झाला, आणि आई, मला हसू आलं.

लोक बाकांवरून उठून आमच्याकडे यायला लागले. काका ओरडले, "दात काय काढतोस गाढवा, पळ!" आम्ही सगळे बसमध्ये शिरलो. लागलं कुणालाच नाही, देवाची कृपा.

फक्त माझी टोपी तिथंच पडली. हरवली तर कुणीतरी आणून देईल, म्हणून तू आतल्या बाजूला आपल्या घराचा पत्ता दोऱ्यानं भरला होतास ना?

तू घाबरू नकोस. पण हे पत्र वाचलंस की धाकटीला घेऊन मावशीकडे जा. आणि त्याआधी कुणी टोपी द्यायला आलं, तर दार उघडू नकोस.

तुझा,
थॅड