फिनलंडची माणसं कमी बोलतात

५ जानेवारी, रविवार

मनस्वीचं बाळंतपण एप्रिलअखेर. मी मार्चमध्येच तिच्याकडे ताम्पेरेला जाणार. तोवर फिनलंडची रोज एक गोष्ट शिकायची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर नकाशा काढून घेतल्याशिवाय पिकनिकलासुद्धा नेत नसत. परक्या देशात माझी लेक अडाणी आईची मुलगी दिसायला नको.

आजची गोष्ट: तिथलं सरकार गरोदर बाईला कपड्यांनी भरलेलं खोकं देतं. तळाला गादी. बाळ त्या खोक्यातच झोपू शकतं. खालच्या मजल्यावरच्या नमिताला सांगितलं. ती म्हणाली, जावयाला पाळणा परवडत नाही का? अज्ञान.

९ जानेवारी

तीन दिवस खाडा. सासरी बोनकोड्याला यांच्या पुतण्याची हळद. आमच्या आगऱ्यांच्या हळदीत कोण अभ्यास करणार? आज भरपाई. तिथे बाळांना थंडीत, घराबाहेर, गाडीत झोपवतात. मनस्वीला म्हटलं, मी शेजारी बसेन, स्वेटर घालून. पोट धरून हसली.

१ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर फोन नाही. जावयाचा, तेजसचा मेसेज: ती आराम करतेय, आई. जरा वाईट वाटलं. मग वाचलं की फिनलंडची माणसं गरजेपुरतंच बोलतात, गप्प बसणं तिथे उद्धटपणा नाही. चार वर्षांत पोरगी तिथलीच झाली. अभिमान वाटला, थोडा.

८ फेब्रुवारी

मनस्वीचा फोन. कॅमेरा बंद. मीच बोलत होते, ती नुसतं हं हं. तिथे समोरच्याला मध्येच तोडत नाहीत. लहानपणी मला एक वाक्य पुरं करू द्यायची नाही. किती सुधारली.

१७ फेब्रुवारी

नाव काय ठरवलं, असं विचारलं. तिने फोन ठेवला. मागून वाचलं, नाव ठेवेपर्यंत तिथे ते कुणाला सांगत नाहीत. माझीच चूक. यापुढे बाळाचा विषयच काढायचा नाही, असं जेवताना यांना सांगितलं. हे ताट सोडून बाल्कनीत गेले. ॲसिडिटी असणार. ओवा दिला.

२ मार्च, रविवार

सखूताई, यांची थोरली बहीण, बोनकोड्याहून आली. मी डिंक तळत होते. म्हणाली, "वैनी, लाडू आता ऱ्हाऊ दे." बरोबर आहे, उकाड्यात टिकायचे नाहीत. जाताना मला धरून रडली. वयानुसार हळवी झालीय. मी निघायच्या आदल्या दिवशी लाडू बांधायचं ठरवलं.

१६ मार्च, रविवार

हे तिकीट काढेनात. आज नाही, उद्या बघू, सर्व्हर डाऊन. शेवटी भांडण. तक्रार करायला मनस्वीलाच फोन लावायला घेतला. हे म्हणाले, नको लावू. लावला.

ती म्हणाली, "मम्मी, बाळ नाहीये गं. जानेवारीतच गेलं."

यांना माहीत होतं. सखूताईला माहीत होतं. माझं बीपी, म्हणून जो तो दुसऱ्यावर ढकलत राहिला.

मी म्हटलं, मला वाटलं तिथे माणसं कमी बोलतात.

"बोलतात, मम्मी. शेजारची बाई रोज येऊन बसायची. तिच्याशी बोलायचे मी. तुझ्याशीच नाही जमलं. तू इतकी खूश होतीस."

मी येऊ का, विचारलं. म्हणाली, आत्ता नको.

१७ मार्च

काही वाचलं नाही. दुपारी तिचा फोन आला. मी काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "मुलगी होती." मग हळूहळू सगळं सांगितलं. हातात दिली होती म्हणे. कपाळ पप्पांसारखं होतं.

कपाळाचं यांना ठाऊक नाही. आत जाऊन सांगायला हवं.

आधी चहा टाकते.