खालचा पाईप

अप्पा, तुमची बहीण गेली. अकरा दिवस झाले. तुम्हाला कळवायला हवं, असं तेव्हापासून मनात आहे, आणि तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली हे ठाऊक असूनही ते जात नाही. सकाळी आठ वाजता आत्याच्या मुलाचा फोन आला. "अक्का, आई गेली. चारला माती हाय. तू ये." मी गुलबर्ग्याहून निघाले. कॉलेजात फिजिक्स शिकवते अजून, दोन वर्षं राहिलीत. गाडी जुनी आहे, तुम्ही पाहिली नाही ती. पाहिली असती तर बॉनेट उघडून आधी पाईप दाबून बघितले असते आणि म्हणाला असता, हे बदलून घे. मी बघितले नव्हते.

निंबर्ग्याच्या अलीकडे, आत्याच्या गावाला रस्ता वळतो तिथंच, बॉनेटखालून वाफ यायला लागली. रेडिएटरचा वरचा पाईप मधोमध बोटभर चिरला होता. तिथून पुढे नऊ किलोमीटर, आणि त्या आतल्या रस्त्याला बस नाही. आत्याच्या घरी फोन करून कुणाला बोलवता आलं असतं, पण मयताच्या घरातलं माणूस माझ्यासाठी कसं पळवायचं? आळंदच्या गॅरेजवाल्याला फोन लावला, गाडीचं मॉडेल सांगितलं, वरचा पाईप म्हणून दोनदा सांगितलं. त्यानं बसच्या कंडक्टरकडे पुडकं दिलं. दीड वाजता बस फाट्यावर थांबली, पुडकं माझ्या हातात आलं आणि बस निघून गेली. उघडलं तर खालचा पाईप. जाडीला मोठा, वाक उलटा. परत फोन केला. "चुकलं मॅडम. पुढच्या बसला बदलून पाठवतो." पुढची बस पाचला होती.

तो पाईप हातात घेऊन मी रस्त्याच्या कडेला बसले. दोन्हीकडे तूर कापणीला आलेली, वारा आला की शेंगा वाजत होत्या. मला रडू आत्यासाठी यायला हवं होतं, पण आलं ते अशासाठी, की फोन करून "आता काय करू" विचारावं असं एकही माणूस मोबाईलमध्ये नव्हतं. नावं पुष्कळ होती. मी सगळी खाली सरकवत गेले. एकाही नावावर बोट थांबलं नाही.

मग तुरीतून एक बाई आली. पासष्टीची असेल, डोक्याला फडकं, हातात विळा. "कामून बसलीस माय? गाडी बिघडली का?" मी सगळं सांगितलं. चुकीचा पाईप तिनं हातात घेतला, माझा फाटका पाईप बघितला आणि म्हणाली, "ह्याच्यात त्यो बसंल की." तिला गाडीतलं काही कळत नव्हतं अप्पा. तिनं नुसतं एकाच्या तोंडाला दुसरं लावून बघितलं. आणि मी, चाळीस पोरांना दाब आणि तापमान शिकवणारी, बघत राहिले. खालचा पाईप वरच्याच्या अंगावर अंगरख्यासारखा बसत होता.

मग हातांना आपोआप आठवायला लागलं. इंजिन गार झालंय का, तुमच्यासारखं हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघितलं. फाटका पाईप काढला. तिच्या विळ्यानं नव्या पाईपचा सरळ भाग वीतभर कापला. विळा आडवा धरून कापताना तिनं दुसरं टोक पायाखाली दाबून धरलं होतं. चिरलेल्या जागेवर डिकीतल्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून तो तुकडा सरकवला आणि पुडक्यात आलेल्या दोन क्लिपा दोन टोकांना आवळल्या, आणि पाईप परत जागेवर बसवला. तिनं विहिरीवरून बिंदगीभर पाणी आणलं. पाणी भरलं, आणि रेडिएटरचं झाकण पुरतं घट्ट केलं नाही, अर्धंच फिरवून ठेवलं. आत दाब साठला तर सगळं उडून जाईल, हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही.

तेव्हा ती जीप आठवली. तुमच्याही लक्षात असेल. मी एकोणीस वर्षांची. गाणगापूरला निघालेली सोलापूरकडची माणसं आपल्या गॅरेजच्या शेडपाशी थांबलेली, पंख्याचा पट्टा तुटलेला, आणि दुकानातून आलेला पट्टा भलत्याच मापाचा. तुम्ही बाजाराला गेला होता. मी ट्यूबच्या पट्ट्या पिळून, गाठ मारून पट्टा केला आणि जीप चालू करून दिली. तुम्ही आल्यावर फुशारकीनं सांगितलं. तुम्ही हात पुसत होता.

"सांगितलीस का त्यांना, हे तेवढ्यापुरतंच हाय म्हणून?"

"न्हाई."

"कामून?"

"चांगलं बसलं होतं की अप्पा."

"चांगलं बसलंय म्हणूनच सांगायचं. त्यांला वाटंल, हे आता असंच चालतंय. चल."

स्कूटरवरून तुम्ही मला थेट गाणगापूरला नेलंत. लॉजच्या एकेका गल्लीत शिरून आपण जीप शोधत फिरलो. ऊन असं, की सीटला हात लावता येत नव्हता. जीप सापडली तेव्हा त्यांच्यातल्या बायका ओल्या साड्या वाळत घालत होत्या. तुम्ही मला पुढं केलंत आणि म्हणालात, "बोल." मी बोलले. ड्रायव्हर हसला. तुम्ही येताना शोधून घेतलेला बरोबर मापाचा पट्टा घातलात आणि आपण परत आलो. सगळ्या वाटेत मी तुमच्या पाठीमागं फुगून बसलेली. माझा पट्टा तिथवर टिकला होता अप्पा! ते तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. कितीतरी वर्षं माझ्या मनात तेवढंच राहिलं होतं.

माझा पाईपही टिकला. हळूहळू गेले, दोनदा थांबून पाणी घातलं. साडेतीनला पोचले. आत्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, मान जराशी डावीकडे कललेली, तुमची झोपेत कलायची तशी. मी पायावर पत्री वाहिली. शेवटी मूठभर माती टाकली. लोक चांगले वागले, चहा दिला, बसायला सतरंजी दिली. एक म्हातारे म्हणाले, तुझ्या अप्पांच्या घरचं आता तू एकटीच. ते माझं सांत्वनच करत होते. पण मला लहानपणी आत्या ज्या नावानं हाक मारायची, ते नाव आता फक्त मला ठाऊक आहे, आणि आपल्याला आपण हाक मारता येत नाही.

एक गोष्ट मघाशी मी गाळली. ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आणि आता शेवटी आले.

पाणी भरताना त्या बाईनं विचारलं, "एकटीच हाईस का? मागून कुणी यायलंय का न्हाई?" भीती वगैरे नव्हती. ती माझ्याहून भली होती. पण तोंडातून निघालं, "अप्पा यायलेत मागून."

"मग थांब की माय, ते येऊस्तोर."

"न्हाई अक्का, मातीला उशीर होतंय."

"बरं, जा तू. म्या हाय इथंच अंधार पडूस्तोर. वळखू कसं त्यांला?"

आणि मी सांगितलं. पांढरा पायजमा, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कानावर पेन्सिल. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. स्कूटर राखाडी, आणि ती चालवताना जरा डाव्या अंगाला झुकतात. एवढं पुरे होतं तिला, पण मला थांबताच येईना. बोलताना आधी घसा खाकरतात म्हणाले, पाणी दिलं की उभ्यानं पीत नाहीत म्हणाले. ती मान हलवत नीट ऐकत होती, लक्षात ठेवत होती. गाडी सुरू केली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाली, "काळजी करू नगंस. आले की सांगते, पोरगी पुढं गेली म्हणून."

येताना मी दुसऱ्या रस्त्यानं आले. मुद्दाम. तिला जाऊन खरं सांगायला हवं, हे मला कळतं. तुम्ही असता तर त्याच संध्याकाळी स्कूटर काढली असती आणि मला पुढं करून बोल म्हणाला असता. पाईप बदलून झाला, गाडी ठीक आहे, रविवारही येऊन गेला. मी गेले नाही. ती विसरलीही असेल. पण मी सांगितलं नाही तोवर त्या फाट्यावर कुणीतरी तुमची वाट बघतंय, आणि सांगितलं की कुणीच बघणार नाही.