तिला दुसरं कुणी चालत नाही

अक्का, त्या सकाळी मी ज्वारी निवडत होते आणि तुझी लेक माझ्याजवळ बसून खडे वेगळे काढत होती. पाणी भरून झालेलं, मुलाचा डबा बांधायचा बाकी. तू भूकंपात गेलीस त्याला चारच महिने झाले होते. सहा वर्षांची पोर. रस्त्यानं ट्रक गेला तरी उठून अंगणात पळायची, आणि तिच्यामागं मी. रडायची नाही, काही मागायची नाही. ओरडायचा तो माझा मुलगा. आमच्या लातुरात तेव्हा शिकवण्यांचं वारं नुकतंच सुटलं होतं, आणि त्याचं दहावीचं वर्ष. "हिला पाठव कुठंतरी. नापास झालो तर हिच्यामुळं," म्हणाला. तिनं ऐकलं आणि खडे काढत राहिली. आठवड्याच्या आत आम्ही तिला दूरच्या वसतिगृहात ठेवलं.

तिची कार्डं यायची. मला वाचता येत नव्हतं, मुलगा वाचायचा. "मजेत हाय म्हणती." पुढं हे गेले, मुलगा नोकरीला लांब गेला, वरच्या खोल्या मी शिकवणीच्या पोरींना दिल्या. त्यांनी टाकलेल्या पुस्तकांवर बोट फिरवत वाचायला शिकले, आणि मग ती कार्डं काढली. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ. मावशी, मला न्यायला कधी येतीस?

यंदा निकाल लागला आणि भोकरची एक पोर खोली सोडून निघाली. कडेवर मांजर, वर्षाचंही नसेल.

"काकू, ठेवून घ्या हिला. आमच्या घरी कुत्रं हाय, अन् हिला दुसरं कुणी चालत न्हाई. एकटी असली की लई गुणाची."

"अगं, माझ्याकडं म्हातारी मांजर हाय की."

"ती काय, दिवसभर झोपूनच राहते."

"मग माझ्यासारखीच म्हण," मी म्हणाले, आणि हात पुढं केले.

गुणाची खरीच. लसणाची पाकळी घरभर पळवते, पदराशी झोंबते, मी वाचायला बसले की पुस्तकावर येऊन आडवी होते. किती वर्षांनी या घरात मी एकटी असताना मोठ्यानं हसले. पण म्हातारी दिसली की कान पाडून तिच्या अंगावर जाते. म्हातारी बारा वर्षांची, एका डोळ्यानं आंधळी. नाक ओरबाडून घेतलं आणि मोरीत जाऊन बसली. दूध तिथं नेलं तरी शिवेना. लहानीला खोलीत कोंडलं तर ती दारावर नखं घासत किंचाळते. शेवटी वरच्या पोरी खाली आल्या. "काकू, अभ्यास होऊन नाही राहिला."

म्हातारी तेव्हाही गप्पच होती.

तुझ्या लेकीचा पत्ता आहे माझ्याकडं. तिला लिहीत नाही, तुला लिहिते, कारण तू विचारणार नाहीस. तिनं विचारलं तर मुलाचं नाव पुढं करता येईल, मला वाचता येत नव्हतं असंही म्हणता येईल. पण अक्का, कार्डात काय असेल, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पोरी बोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हातारीला पोत्यात घातलं, वाट तिच्या ध्यानात राहू नये म्हणून तीन गल्ल्या उलट्या फिरले, आणि तिला मोंढ्यात, धान्याच्या थप्पीमागं सोडून आले.