बोट उचलेपर्यंत

रवि., ६ जुलै

— तेवढ्यात वीज गेली, आणि ऑर्गनवर दोन्ही हातांखाली धरलेला अख्खा कॉर्ड, सगळे सूर एकदम, खाली बसत गेला. जिना उतरल्यासारखा. मी बोटं उचलली नाहीत. खालून काही येत नाही हे कळल्यावर उचलली.

जनरेटर लागला. जनरेटरवर हा ऑर्गन थोडा खालच्या सुरात बोलतो. आतली चाकं विजेच्या तालावर फिरतात, त्याला इलाज नाही. डॅनियलनं गाता गाता गिटारच्या खुंट्या पिळल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू जनरेटर मीच घरून आणलाय. ड्रमवरचा सेल्वराज होता तसाच वाजवत राहिला. तो वीज गेल्याचं मान्यच करत नाही.

तिरुवैयारूच्या अलीकडचं नदीकाठचं हॉटेल, रविवारचं दुपारचं जेवण. अकरा टेबलं. निम्मी पानात बघून जेवतात. तिसऱ्या गाण्यात फिरता स्पीकर संथवरून जलदवर टाकला. लाकडी पेटीतला कर्णा वेग घेतो, सूर थरथरायला लागतो, आणि एका क्षणी चमचे थांबतात. एवढंच हवं असतं. एक आवर्तन, बारा मापं. त्यात मी नव्हते, नुसतं वाजत होतं. मग कुणीतरी पापड मागितला.

निघताना मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ती संथ चीज का वाजवत नाही? तुमच्या अण्णांची. लोक विचारतात. दहा ऑगस्टला चेन्नईहून एक मोठा ग्रुप खास तुम्हाला ऐकायला येतोय. तेव्हा ठेवा."

बघते म्हटलं.

स्विच बंद केल्यावरही कर्णा काही वेळ फिरत राहतो. तो थांबेपर्यंत मी उठत नाही. दर रविवारी.

बुध., ९ जुलै

हे नागरीत लिहिते कारण घरात ती कुणाला वाचता येत नाही. घरात म्हणजे अम्माला. आमच्या पूर्वजांनी इकडे आणलेली मराठी ती बोलते, वाचते फक्त तमिळ. मला ही लिपी पुण्यात एम.ए.च्या दोन वर्षांत मिळाली. इथं कॉलेजात इंग्रजी शिकवते, तिथं तिचा उपयोग नाही. या वहीत लिहिलेलं कुलपात ठेवल्यासारखं.

तर एकदा लिहून टाकते.

पियानोचा सूर आपोआप मरतो. ऑर्गनचा मरत नाही, बोट उचलेपर्यंत. त्या संथ चीजेत अण्णा, माझा थोरला भाऊ, शेवटाकडे वरचा एक सूर करंगळीनं दाबून धरायचा आणि सोडायचाच नाही. खाली डावा हात बेस चालवत राहायचा. एक आवर्तन जायचं, दुसरं सुरू व्हायचं. ब्लूज वाजवणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. ऐकणाऱ्याला ते सोसत नाही, तो टाळ्या वाजवू लागतो. जितका सूर लांबेल तितक्या टाळ्या.

गेल्या ऑगस्टमध्ये डावा हातही थांबला. वाटलं, आज काही नवीन करतोय. मान खाली गेली. तीही जायची त्याची. सूर चालू. एक आवर्तन. दोन. मी खांबाजवळच्या टेबलावर होते. लोक उठले. मीही उठले, आणि टाळ्या वाजवल्या. बराच वेळ.

सेल्वराजनं काठ्या टाकल्या आणि धावला. आधी हात उचलला त्याचा, मग सूर थांबला.

डॉक्टर म्हणाले, त्या दोन मिनिटांनी काही बदललं नसतं. अम्माला मी सांगितलं, मी शेजारीच उभी होते, लगेच धरलं. ती हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. "धाकटी जवळ होती. एकटा नाहीं गेला."

शनि., १२ जुलै

अम्मानं इडलीचं वाटण लावलं. ग्राइंडर अण्णाच्या त्या सुरातच आहे. तो असताना कधी लक्षात आलं नव्हतं. वर्षभर दर शनिवारी येतं.

"बंद करतेस का जरा?"

"पीठ झालं नाहीं अजून. कां, डोकं दुखतंय?"

मी गच्चीवर गेले. तिथंही ऐकू येतं.

गुरु., १७ जुलै

तालीम, डॅनियलच्या शेडमध्ये. तिथं साधा कीबोर्ड आहे. ऑर्गन हॉटेलातच असतो. तो उचलायला चार माणसं लागतात आणि, सेल्वराज म्हणतो, गिटारवाला नेहमी पाचवा असतो.

ती चीज काढली. हात सगळं जाणतो. त्याच्याच शेजारी बसून शिकलेली. त्या सुरावर आले, करंगळी ठेवली, चार मापांत उचलली गेली. मी उचलली असं म्हणता येणार नाही.

पुन्हा. तीन मापं.

डॅनियल: "न धरताच पुढे जाऊ. कुणाला कळतंय."

सेल्वराज: "मला कळतंय."

नंतर बाहेर चहा पिताना सेल्वराज, धाकट्या बहिणीला हाक मारावी तसा, म्हणाला, "तंगच्ची, तू टाळ्या वाजवल्यास हे मी पाहिलं होतं."

मी ग्लास खाली ठेवला.

"मी समोर बसून दोन आवर्तनं ठेका धरला. मेलेल्या माणसाला. तू निदान लांब होतीस." मग ग्लास विसळत: "साखर जास्त घालतो हा."

वर्षभर त्यानं हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

मंगळ., २२ जुलै

वर्षश्राद्धाची तिथी काढायला गुरुजी आले. तमिळ गुरुजी, त्यांचा महिना सूर्याचा. आमचा चंद्राचा. त्यांनी त्यांचा आवणी महिना धरला, म्हणजे तिथी सप्टेंबरात. अम्मानं हात वर केला.

"आमचं श्रावण. आमचे लोक ह्या गांवांत आल्यापासून श्रावणच."

"मामी, इथं आता सगळे—"

"सगळ्यांचं त्यांच्यापाशीं."

गुरुजींनी पुन्हा मोजलं. श्रावणाप्रमाणे तिथी येते रविवारी, दहा ऑगस्टला.

मला सुटल्यासारखं झालं. लिहायला लाज वाटते, पण झालं. घरात श्राद्ध असताना कोण वाजवणार. आता कुणाला काही सांगावंच लागणार नाही.

अम्माला म्हटलं, त्या दिवशी हॉटेलात कार्यक्रम होता, मी येणार नाही असं कळवते.

"कसला कार्यक्रम?"

"त्याची ती संथ चीज मागितली होती. वर्षात वाजवली नाही."

ती सुपारी कातरत होती. कातरत राहिली.

शुक्र., २५ जुलै

कॉलेजहून आले. अम्मानं आपणहून विषय काढला.

"गुरुजींना फोन केला. त्यांच्या हिशेबानें करूं. आवणींत."

"अम्मा, आपल्या घरात कधी—"

"ह्या एका वर्षीं. तो कांहीं रागावणार नाहीं. वेळेवर कधीं आला होता तो जेवायला?"

मग पाणी प्यायली. मग म्हणाली, "दहा तारखेला मीही येतें. बघीन कोठें बसायचा तो."

तिनं हॉटेलात आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. मला नको म्हणायला जागा ठेवली नाही. मी खोलीत येऊन दार लावलं. मॅनेजरला अजून कळवलं नव्हतं. आता कळवायचं काही उरलं नाही.

रवि., ३ ऑगस्ट

आडी अठरा, आडी महिन्यातला नदीपूजेचा सण. पूल बायकांनी भरलेला, नदीला पाणी चांगलं, जिकडे तिकडे चित्रान्नाचे डबे. आमच्याकडे यंदा सण नाही. बस तासभर अडकली. पोचले तेव्हा डॅनियल एकटाच गात होता आणि माझ्याकडे बघून त्यानं शब्द बदलले. ते इथं लिहीत नाही.

वाजलं बरं. दुसऱ्या गाण्यात डावा हात आपला आपण चालायला लागला, मी नुसती ऐकत होते. मग व्हॉल्यूमचं पायडल करकरलं आणि सगळं गेलं. असंच होतं. दहा रविवारांत एकदा चार मापं सापडतात, आणि त्यांच्यासाठी बाकीचे नऊ यायचं.

सगळे जेवायला गेल्यावर ऑर्गन चालू ठेवला आणि त्या पट्टीवर करंगळी नुसती टेकवली. दाबली नाही. पट्टी गुळगुळीत झाली आहे. ती त्यानंच केली.

गुरु., ७ ऑगस्ट

तालीम. सहा मापं.

सेल्वराज म्हणाला, बास, उरलेली रविवारी.

अम्मा शेजारच्या मामींना फोनवर सांगत होती: धाकटी जवळ होती, लगेच धरलं, म्हणून मन शांत आहे माझं. दार उघडं होतं. मी—

रवि., १० ऑगस्ट

अम्मा खांबाजवळच्या टेबलावर. ती जागा मॅनेजरनं दिली, त्याला काय माहीत. हॉटेलचं काही घेतलं नाही. घरची कॉफी थर्मासमधून. पिशवी मांडीवर. चेन्नईच्या ग्रुपची वीस-पंचवीस माणसं.

पाचवी चीज ती. वीज होती. सूर शुद्ध होता. कर्णा संथवर.

त्या सुरावर आले. दाबला. डावा हात चालू. चार मापं, सहा, आठ. उचललं गेलं नाही. पहिली टाळी मागून आली, मग सगळीकडून. कुणी शीळ घातली. मी स्पीकर जलदवर टाकला, ते कधी ठरवलं आठवत नाही.

अम्मानं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवू लागली. उठून. ती हसत होती. वर्षात पहिल्यांदा. तिच्या धाकटीचं कौतुक होत होतं, आणि ती टाळ्या वाजवत होती, अगदी जशा मी.

दुसरं आवर्तन. ते संपलं. सेल्वराज माझ्याकडे बघत होता. दोनवर सोडायचं ठरलं होतं. बोट निघेना. तिसरं सुरू झालं. वाटलं, सोडलं की अण्णा जाणार. इतकं साधं वाटलं. डॅनियलनं वाजवणं थांबवलं. सेल्वराजनं झांज मारली, एकच, जोरात, आणि माझं नाव घेतलं.

उचललं.

लोक ओरडत होते. अम्माचे हात हवेतच राहिले होते. तिनं ते खाली घेतले आणि तळव्यांकडे पाहत बसली. पुढच्या दोन्ही गाण्यांत तिनं वर पाहिलं नाही.

ऑटोत अम्माची पिशवी पुन्हा मांडीवर. पुलावर म्हणाली, "त्या दिवशीं त्यानें असाच धरला होता?"

"हो."

"आणि लोकांनीं अशाच वाजवल्या."

"हो."

पुढचा प्रश्न, तेव्हा तू कुठं होतीस, तिनं विचारला नाही. घरी आल्यावर हात धुतले, बराच वेळ, आणि भात लावला.

सोम., ११ ऑगस्ट

सकाळी उठले तर ही वही स्वयंपाकघरात, पाटावर. अम्मा समोर बसलेली. कॉफी गाळून ठेवली होती, दोघींची.

"मला येत नाहीं हें वाचायला," ती म्हणाली. "तूं वाच."

कॉलेजला फोन केला, पहिला तास घेणार नाही म्हणून. चष्मा आणला. पहिल्या पानापासून सुरुवात केली. वीज गेली तिथं ती म्हणाली, "सरि, पुढें." पापडावर हसली.

पान उलटलं. बुध., ९ जुलै, टाळ्यांचं पान. दूधवाल्यानं दार वाजवलं. ती उठली नाही.