बदलीचा हुकूम

तारकर्ली,
१४ डिसेंबर १९५८

आदरणीय कर्णिकसाहेबांना दाजी परुळेकराचा नमस्कार.

धुळ्याची थंडी बाईसाहेबांना सोसतेय ना? माझ्या बायकोने, जानकीने, त्यांच्यासाठी कोकमाची सोलं दिली आहेत, वेगळ्या पुडक्याने धाडतो.

तुम्ही गेलात आणि कोर्टाची खुर्ची महिनाभर रिकामी. पक्षकार यायचे, मी पुढची तारीख सांगायचो, वकील समोरच्या हॉटेलात भजी खायचे. हॉटेलवाला तेवढा खूश. आता नवे साहेब आलेत. माणूस हसरा, पण तुम्ही ऐकलेले अकरा दाव्यांतले युक्तिवाद त्यांना पुन्हा पहिल्यापासून ऐकावे लागताहेत.

मथुराबाईचा दावा मात्र तुमच्या निकालाने सुटला. धामापूरची ती विधवा, दिराने दगडांचा गडगा घालून विहिरीची वाट अडवलेली. तुमच्याआधी दोन साहेबांनी तिचं सगळं ऐकलं आणि निकालाआधीच दोघांची बदली झाली. तुम्हाला ती म्हणाली होती, "साहेबा, तू तरी निकाल देवन जा रे!" परवा अळवाची जुडी घेऊन आली. म्हणे, "गडगो मोडलो. सा वर्सांनी बांयचां पाणी माझ्या घागरीत इलां."

साहेब, इथवर लिहून दोनदा पेन खाली ठेवलं.

तुमच्या बदलीचा हुकूम मी शुक्रवारी दुपारी तुमच्या हातात दिला, "आत्ताच टपालात आला" म्हणालो. तो मंगळवारीच आला होता. मथुराबाईचा निकाल शुक्रवारी सकाळी होता. तोवर तो मी माझ्या खणात ठेवला. बत्तीस वर्षं कारकुनी केली, असं कधी केलं नव्हतं.

तुम्ही उशिरा हजर झालात म्हणून तुमच्याकडे खुलासा मागितल्याचं कळलं. इथेही विचारणा आली. नवे साहेब म्हणाले, "टपाल उशिरा आलं, असं लिहून टाका." पण मग दोष बाबली पोस्टमनवर. त्याने तर मंगळवारीच लिफाफा माझ्या हातात ठेवला होता.

म्हणून काल खरं ते लिहून सहीनिशी दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं.

"दाजी, हे नोकरीवर येईल."

"ठाऊक आहे, साहेब."

मग हसले. "माझा हुकूम आला तर त्याच दिवशी द्याल ना?"

"टेबलावर कुठला दावा आहे, ते बघून सांगतो," मी म्हटलं. दोघेही हसलो.

जानकी म्हणाली, "बरां केल्यात. पण कर्णिकसाहेबांक आधी कळवूक होयां होतां." खरं आहे. तुम्हाला न विचारता तुमच्या नावाला डाग लावला, त्याची लाज वाटते. हुकूम दडवल्याची वाटत नाही. आता ते तरी खोटं कशाला लिहू?

खुलाशात माझं नाव स्पष्ट लिहा, संकोच करू नका. शिक्षा होईल ती होवो; तुमचं उत्तर आलं नाही, तर मात्र अन्न गोड लागणार नाही.

आपला अपराधी,
दाजी